भंडारदऱ्याच्या पाण्याभोवती सायकलने

संगमनेर, श्रीरामपूर किंवा राहाता येथील बाजारपेठेत सकाळी दुकानाचे शटर वर जाते, गादीवरची चादर झटकली जाते, काट्यावर पहिले वजन चढते आणि दिवस सुरू होतो. समोरच्या रस्त्यावरून उसाच्या, कांद्याच्या, डाळिंबाच्या गाड्या जात राहतात. या साऱ्या देवघेवीच्या मुळाशी प्रवरा नदी आहे आणि त्या नदीच्या मुळाशी सह्याद्रीच्या कड्याला टेकलेला एक जलाशय आहे, याची आठवण त्या गर्दीत क्वचितच होते. कालव्याला आवर्तन वेळेवर सुटले की उधारी वसूल होते, आवर्तन लांबले की खतावणीतील येणे वाढत जाते. बाजारपेठेचा आणि भंडारदऱ्याचा संबंध बहुधा एवढ्यावरच थांबतो.

त्या पाण्याच्या काठाने एक रस्ता जातो. शेंडी गावातून निघून जलाशयाला पूर्ण वळसा घालून तो पुन्हा शेंडीलाच येतो. अंतर सुमारे चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटर. मोटारीने गेल्यास दीड-दोन तासांत हा फेरा उरकतो आणि छायाचित्रांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. सायकलने त्याला एक पूर्ण दिवस लागतो आणि त्या दिवसात, खालच्या बाजाराला पाणी देणारा हा मुलूख स्वतः कसा जगतो, ते दिसू लागते.

खाली बाजार, वर पाणी

अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण. तेथे वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी शेतकरी समाधान मानतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर आणि रतनवाडी येथे काही वर्षी पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस कोसळतो. एका टोकाला ओसंडून वाहणारे पाणी दुसऱ्या टोकाच्या तहानलेल्या जमिनीपर्यंत न्यावे, हा विचार ब्रिटिश अमदानीतील अभियंत्यांना सुचला. १९१० मध्ये काम सुरू झाले. दगड आणि चुना यांत बांधलेली सुमारे ८२ मीटर उंचीची भिंत उभी राहिली आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. विल्सन धरण हे नाव त्यांच्यावरूनच पडले. जलाशयाची साठवणक्षमता सुमारे ११ टीएमसी.

या पाण्याने खालच्या खोऱ्याचा चेहरा पालटला. कालव्यांच्या दुतर्फा ऊस उभा राहिला. बेलापूर रोड या रेल्वे स्थानकाभोवतीची वस्ती वाढत जाऊन श्रीरामपूरची मोठी बाजारपेठ झाली. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि देशभरातील सहकाराला दिशा मिळाली. गावोगावी आलेल्या व्यापारी कुटुंबांनी किराणा, कापड, भुसार, सराफी आणि अडत अशा पेढ्या थाटल्या व त्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. जमेची ही बाजू मोठी आहे.

नावेची बाजू वर, डोंगरात आहे. धरण भरले तेव्हा खोऱ्यातील सखल जमीन पाण्याखाली गेली आणि वस्त्या चढावर सरकल्या. आजही काठावरच्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची शेती बहुतांशी उतारावरची आहे. पावसाळ्यात भात, नाचणी आणि वरई. त्यानंतर मजुरीसाठी ओतूर-नारायणगावपर्यंतची वाट. धो धो पावसाच्या या मुलखातील काही वाड्यांना चैत्र-वैशाखात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते, कारण कातळावर पडलेले पाणी मुरत नाही आणि साठलेले पाणी खालच्या तालुक्यांच्या वाट्याचे असते. जलाशयाभोवतीचा रस्ता या दोन्ही बाजूंच्या मधून जातो.

सूर्य पाठीशी घेऊन

शेंडीला पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत. संगमनेरकडून अकोले आणि राजूरमार्गे साठ किलोमीटरच्या आत, तर नाशिककडून घोटी व बारीमार्गे सुमारे सत्तर किलोमीटर. बारी हे कळसूबाई शिखराच्या पायथ्याचे गाव. बहुतेक सायकलस्वार शेंडीपर्यंत वाहनाने सायकल आणतात, तेथे मुक्काम करतात आणि पहाटे निघतात.

कोणत्या दिशेने निघावे, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी दिवसाचे सुख त्यावर ठरते. शेंडीहून प्रथम उत्तरेच्या काठाने पश्चिमेकडे, घाटघरला जावे आणि दक्षिणेच्या काठाने रतनवाडीमार्गे परतावे. या क्रमाने पाणी सतत डाव्या हाताला राहते, म्हणजे रस्त्याच्या आपल्याच बाजूला. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो आणि दुपारनंतर पूर्वेकडे परततानाही तो पाठीशीच राहतो. डोळ्यांवर ऊन येत नाही आणि डोंगर दोन्ही वेळा उजळलेले दिसतात.

वार निवडतानाही विचार करावा. शनिवार-रविवारी मुंबई, पुणे आणि नाशिकच्या मोटारींनी हा रस्ता भरून जातो. इतर वारी मात्र एखादी एसटी, दुधाची गाडी किंवा शाळेत निघालेली मुले एवढीच रहदारी. नोकरदाराला सुट्टी रविवारीच मिळते. व्यापाऱ्याला बाजारबंदचा वार मोकळा असतो. ज्या गावात ही सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी येते, तेथील कुटुंबांना हा निवांत रस्ता सहज लाभू शकतो.

उत्तरेचा काठ

शेंडी मागे पडले की पहिली काही वळणे अंगाला जाग आणतात. रस्ता थोडा चढतो, थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो. एकही चढण फार लांब नाही, पण सपाटीही फारशी नाही. पायाची लय साधून, गियर हलका ठेवून जाणाऱ्याला थकवा येत नाही. पहिल्याच चढावर जोर करणारा दहाव्या किलोमीटरला धापा टाकतो. मुरशेत, पांजरे, उडदावणे अशी गावे एकामागून एक येतात. घरांच्या भिंती कुडाच्या किंवा विटांच्या, अंगण सारवलेले, पुढे पेंढ्याची उडवी. आश्विन-कार्तिकात भाताची कापणी चालू असते आणि रस्त्याकडेच्या खळ्यांवरून ताज्या भाताचा वास येतो.

उजव्या हाताला कळसूबाईची रांग सोबत करते. १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्राचे हे सर्वोच्च शिखर सकाळी अनेकदा ढगात असते. पुढे उडदावण्याच्या डोक्यावर अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले ओळीने उभे राहतात. डाव्या हाताला पाणी कधी रस्त्याला येऊन भिडते, तर कधी झाडीआड जाते.

या काठावरचे एक झाड व्यापारी घराण्यातील माणसाने थांबून पाहावे असे आहे. ते हिरड्याचे. पेढीवर हिरडा पोत्यातून येतो. त्याचा दर, प्रत आणि ओलावा यांची चर्चा होते आणि तो औषधांच्या किंवा रंगाच्या कारखान्याकडे जातो. येथे दिसते ते त्या पोत्याचे दुसरे टोक. कोवळे हिरडे गोळा करून ते कातळावर वाळत घालावे लागतात. वाळलेला हा बाळहिरडा अनेक घरांना पेरणीपूर्वी हाती येणारी रोकड मिळवून देतो. अवकाळी पाऊस आला की वाळवण भिजते आणि प्रत उतरते. काट्यावर एक-दोन किलोंचा फरक पडला तर या अंगणात त्याचा अर्थ काय होतो, ते येथे उभे राहिल्यावर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

वरईचेही तसेच. उपवासाला घरोघरी शिजणारी भगर म्हणजे भरडलेली वरईच. नाशिक परिसरातील गिरण्यांतून ती पिशवीबंद होऊन किराणा दुकानाच्या फळीवर येते. तिची शेते मात्र अशा तीव्र उतारावर असतात, जेथे बैलाचा पाय ठरत नाही आणि बरेचसे काम कुदळीने, हातानेच करावे लागते.

घाटघर : जेथे जमीन संपते

सुमारे वीस किलोमीटरनंतर घाटघर येते. येथे पठार अचानक तुटते आणि खाली कोकण उघडे पडते. कड्याच्या काठावर वारा इतका असतो की सायकल आडवी ठेवूनच पुढे जावे. येथेच राज्यातील एक महत्त्वाचा जलविद्युत प्रकल्प आहे. वरच्या धरणातील पाणी विजेची मागणी वाढते तेव्हा कड्याखालच्या, शहापूर तालुक्यातील चोंढे येथील जलाशयात सोडून वीज निर्माण केली जाते आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवले जाते. २००८ मध्ये कार्यान्वित झालेल्या या प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॉट. आज घेऊन उद्या परत करण्याचा हा पाण्याचा उधार-व्यवहार बाजारातील माणसाला चटकन उमगतो.

घाटघरच्या आसपास चढ अधिक उभे आहेत. दमलेल्याने सायकल हातात धरून चालावे, त्यात कमीपणा नाही. कुटुंबातील लहान मुले किंवा ज्येष्ठ सोबत असतील तर संपूर्ण फेऱ्याचा आग्रह धरू नये. शेंडी ते पांजरे आणि परत, किंवा दक्षिणेच्या काठाने कोलटेंभ्यापर्यंत आणि परत, एवढ्या छोट्या फेरीतही तळे, जंगल आणि गावे तिन्ही भेटतात.

साम्रद ते रतनवाडी

घाटघरहून साम्रदकडे वळताच झाडी दाटते. साम्रदजवळच सांदण दरी आहे, काळ्या कातळाला पडलेली खोल भेग. पावसाळ्यात तेथे पाणी उसळते, त्या काळात आत उतरणे जिवावर बेतू शकते. समोर रतनगड दिसू लागतो आणि त्याच्या माथ्यावरचे नेढे, म्हणजे खडकाला आरपार पडलेले भोक, आकाशाचा तुकडा धरून उभे असते. हा सारा प्रदेश १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. सकाळच्या शांततेत नशिबाने साथ दिली तर शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेताना दिसते. मोटारीच्या आवाजाने ते केव्हाच आत निघून जाते; सायकलच्या चाकाची कुरकुर त्याला फारशी खटकत नाही.

रतनवाडीला दिवसाचा मोठा विसावा घ्यावा. येथील अमृतेश्वर मंदिर शिलाहारकालीन असून हजार वर्षांहून जुने मानले जाते. प्रवरेच्या उगमाशी शिलाहार राजा झंझ याने ते उभारले, अशी परंपरा सांगते. शिखरापासून जोत्यापर्यंत कोरीव काम आहे आणि जवळच्या पुष्करणीच्या कोनाड्यांत जुन्या मूर्ती आहेत. रतनगडाच्या उतारावरून ओहोळाच्या रूपाने निघणारी प्रवरा येथे पाहिली की, नेवाशाजवळ गोदावरीला मिळणारी ती रुंद नदी हीच, हे क्षणभर खरे वाटत नाही.

रतनवाडीत जेवणाची सोय घरगुती असते. आदल्या दिवशी कळवून ठेवले तर नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, वरण-भात असे साधे जेवण कांदा-लसणाविनाही मिळू शकते. शिदोरी घरून आणणाऱ्यांनीही एक वेळचे जेवण गावातच घ्यावे. सायकलस्वार पाहुणा आपल्यामागे दोन पैसे ठेवून गेला तर गावाला त्या शांत रस्त्याचा उपयोग झाला, असे म्हणता येईल.

परतीचा काठ

दक्षिणेचा रस्ता अधिक सावलीचा. कोलटेंभे, मुतखेल ही गावे जात असताना पाणी झाडांतून चमकत राहते आणि पलीकडच्या काठावर सकाळी ओलांडलेला रस्ता रेघेसारखा दिसतो. जलाशयाला आता आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचे नाव देण्यात आले आहे. याच तालुक्यातील देवगावचे राघोजी, इंग्रज सत्ता आणि तिच्या आधाराने गरिबांना नाडणारे सावकार यांच्याविरुद्ध उठले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. त्या बंडात कर्जाच्या खोट्या वह्या हा रागाचा एक विषय होता. ज्या घरांत वही पूजनीय मानली जाते, त्या घरांतील माणसाला या काठावर तो इतिहास आठवणे उचितच आहे.

शेवटी धरणाची भिंत येते. भिंतीतील एका विमोचकातून सोडलेले पाणी गोलाकार खडकावर आदळून छत्रीसारखे पसरते. लोक त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. दुसऱ्या दिवशी सवड असेल तर खाली रंधा धबधबा पाहून राजूरमार्गे परतावे. राजूरचे पेढे घेतल्याखेरीज या वाटेने कोणी घरी जात नाही.

सायकल, अंग आणि शिधा

दिवसभर गादीवर किंवा खुर्चीवर बसणाऱ्याने थेट या रस्त्यावर उतरू नये. आधी दोन-तीन महिने आठवड्यातून तीन-चार वेळा गावाबाहेर पंधरा-वीस किलोमीटर सायकल चालवावी, त्यात एखादा चढ असावा. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच निघावे. सायकल गियरची हवी. निघण्यापूर्वी ब्रेक तपासून घ्यावेत, कारण येथे चढापेक्षा ओल्या वळणावरचा उतार अधिक घातक असतो. हेल्मेट, जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, पुढे-मागे दिवे आणि दोन बाटल्या पाणी बरोबर असावे. मोबाईलची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते. परतीची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावे. अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती घ्यावी.

उत्तम काळ सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी. आरंभी पठारावर सोनकीची पिवळी फुले असतात, पुढे थंडी आणि स्वच्छ हवा. जुलै-ऑगस्टचा पाऊस दृश्य म्हणून अप्रतिम असला तरी धुके, शेवाळलेला रस्ता आणि दरडी यांमुळे सायकलला तो काळ धोक्याचा. कोणत्याही ऋतूत सूर्यास्तापूर्वी शेंडी गाठावी. अंधार पडला की रस्ता वन्यजीवांचा असतो. दिवस मावळण्याआधी जेवण आटोपण्याची ज्या घरांची रीत आहे, त्यांना हे वेळापत्रक नवे नाही.

शांततेचे देणे

मेअखेर आणि जूनच्या आरंभी, पहिल्या पावसाच्या आसपास, येथील हिरडा, बेहडा, सादडा आणि जांभळाच्या झाडांवर लक्षावधी काजवे लुकलुकतात. तो त्यांचा मीलनकाळ. नर आणि मादी प्रकाशाच्या खुणांनीच एकमेकांना ओळखतात. त्याच दिवसांत रात्री मोटारींच्या रांगा याच रस्त्यावर उभ्या राहतात. हेडलाइट, मोबाईलचे दिवे आणि गाण्यांचा आवाज यांच्या झोतात ती खूण हरवते. ज्या झाडाखाली माणसांची गर्दी होते, तेथील ओल्या मातीत वाढणाऱ्या अळ्या पायांखाली चिरडल्या जातात. एका लहानशा जिवाचे वर्षभराचे संचित काही रात्रींच्या हौसेत खर्ची पडते.

गावांनाही या गर्दीतून मिळकत होते, हे खरे. तंबू, जेवण आणि वाटाड्याचे काम यांतून घरात पैसा येतो आणि त्यावाचून मुलांना मजुरीसाठी दूर जावे लागेल. म्हणून पर्यटक येऊच नयेत, असे म्हणणे खालच्या संपन्न तालुक्यातील माणसाला शोभत नाही. प्रश्न येण्याच्या रीतीचा आहे. एका रात्रीत हजार मोटारी येण्याऐवजी वर्षभर थोडी थोडी माणसे, हळू चालणाऱ्या वाहनाने, मुक्काम करून येऊ लागली तर गावाचे उत्पन्न टिकते आणि जंगलही. सायकल हा त्या रीतीचा एक सोपा नमुना आहे. ती जागा कमी घेते आणि धूर सोडत नाही. चालवणारा दमतो, म्हणून तो गावात थांबतो. थांबतो, म्हणून बोलतो.

याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घराघरांतून गावरान वाण गोळा करून त्यांची बीजबँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्या शेतकरी स्त्रियांनी जपलेला काळभात, नाचणी आणि वाल हे धान्य दर्जाने उत्तम आहे. उणीव असते ती रास्त भावाच्या ग्राहकाची. फेऱ्याहून परतणाऱ्या कुटुंबाने रतनवाडीत किंवा उडदावण्यात दोन-चार किलो तांदूळ, थोडी वरई घासाघीस न करता विकत घेतली, तर तेवढाच व्यवहार थेट होतो. एखाद्या भुसार व्यापाऱ्याला त्यातून कायमचा, सचोटीचा संबंध जोडावासा वाटला, तर त्याचा लाभ दोन्ही बाजूंना आहे.

पुढच्या वेळी कालव्याला आवर्तन सुटेल, दुकानासमोरून पाणी पाहायला माणसे जातील आणि पेढीवर येण्याजाण्याचे हिशेब सुरू होतील. एकदा सायकलने तो फेरा केलेल्या माणसाला तेव्हा रतनवाडीचा ओहोळ, पांजऱ्याचे खळे आणि वैशाखात हंडा घेऊन चढ चढणारी बाई आठवेल. काट्यावर हिरड्याचे पोते चढले असेल, तर वजन वाचताना त्याचा हात क्षणभर अधिक जपून थांबेल.